दुकान आले म्हणजे स्वराज्य आले काय?

२०२५ च्या दिवाळीतील गोष्ट. आमच्या विठ्ठलवाडीतील एका रिक्षाचालकाचा अकरावीत शिकणारा मुलगा माझ्याकडे आला. वडिलांनी दोन वर्षांपूर्वी कुठल्याशा कचेरीतून निकालात निघालेला एक जुना संगणक त्याला घेऊन दिला होता. मुलाचा अभ्यास, बहिणीचे नोकरीचे अर्ज, घरातील विजेच्या बिलापासून शिष्यवृत्तीपर्यंतची सगळी कामे आणि रात्री मुलाचे खेळ, एवढा संसार त्या एका यंत्रावर चालला होता. आता दुरुस्तीवाल्याने त्यांना सांगितले होते की यंत्र ठणठणीत आहे. परंतु त्यातील विंडोज १० ची मुदत संपली आहे आणि विंडोज ११ या यंत्रावर चढत नाही. तेव्हा नवे घ्या! मुलगा मला विचारीत होता, "सर, लिनक्स टाकू का? आता त्याच्यावर स्टीम चालतं. माझे बरेचसे खेळ चालतात म्हणे."

जन्मभर अर्थशास्त्र शिकवलेल्या माणसाला या प्रश्नात एक संपूर्ण धडा दडलेला दिसला. मुलाच्या मनात लिनक्सकडे वळण्याचे पहिले कारण खेळांचे दुकान हे होते. नवा संगणक परवडत नाही हे दुसरे. 'स्वातंत्र्य' हा शब्द त्याने उच्चारलाही नाही. आणि आम्ही मंडळी गेली पंचवीस वर्षे मुक्त सॉफ्टवेअरच्या बाजूने जे बोलत आलो, त्यात फक्त तोच एक शब्द होता!

काही साथी म्हणतील, महागाई, कंत्राटी कामगार आणि बंद पडलेले कारखाने हे प्रश्न समोर असताना पोराटोरांच्या खेळांवर पक्षाच्या साप्ताहिकाने जागा का खर्चावी? त्यांना माझे नम्र उत्तर असे की, ज्या साधनावर आज कामगाराच्या मुलाचे शिक्षण, अर्ज आणि रोजगार अवलंबून आहेत, त्या साधनाची मालकी कोणाकडे, हा उत्पादनसाधनांच्या मालकीचाच प्रश्न आहे. तो खेळाच्या वाटेने घरात आला म्हणून क्षुल्लक ठरत नाही. दुसऱ्या टोकाला आमचे तरुण मित्र आहेत. स्टीम लिनक्सवर आले, आता मक्तेदारी मोडली, असा त्यांचा जयघोष चालू आहे. या दोन्ही मंडळींशी मला भांडायचे आहे.

मुदत कोणी संपवली?

मायक्रोसॉफ्ट कंपनीने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा सर्वसाधारण सांभाळ थांबवला. घरगुती ग्राहकांना सुरक्षाविषयक दुरुस्त्यांसाठी १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत एका वर्षाची सवलत ठेवली, तीही कंपनीच्या खात्याशी जोडून घेण्याच्या किंवा शुल्काच्या अटीवर. पुढची प्रणाली हवी तर यंत्रात एक विशिष्ट सुरक्षा-चिप हवी आणि प्रोसेसरही ठराविक पिढीच्या पुढचा हवा. ज्याच्याकडे हे नाही त्याचे चालते यंत्र एका तारखेला म्हातारे ठरले.

घसारा ही संकल्पना आम्ही वर्गात शिकवीत असू. यंत्र वापरले की झिजते आणि त्या झिजेची तरतूद हिशेबात करावी लागते. येथे मात्र यंत्रात झीज झालेलीच नाही. घसारा झाला तो अमेरिकेतील एका कंपनीच्या वेळापत्रकात आणि त्याची भरपाई करायची ती विठ्ठलवाडीच्या रिक्षाचालकाने! नवीन यंत्र विकत घेणाऱ्या वर्गाला ही तारीख आली-गेली कळलीही नाही. दुसऱ्या हाताचे यंत्र घेणाऱ्याच्या डोक्यावर ती कोसळली. कल्याणपासून अंबरनाथपर्यंतच्या वस्त्यांत अशी घरे किती असतील, याची कल्पना या पट्ट्यात काम करणाऱ्या कार्यकर्त्यांना मी देण्याची आवश्यकता नाही.

या जाचातून सुटण्याचा मार्ग कित्येक वर्षे उपलब्ध आहे. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये ग्नू प्रकल्पाची घोषणा केली, १९९१ मध्ये लिनस टोरवाल्ड्स यांनी लिनक्सचा गाभा लिहिला, आणि जगभरच्या हजारो हातांनी त्यावर एक संपूर्ण कार्यप्रणाली उभी केली. ती विनामूल्य मिळते, कोणीही तपासावी, बदलावी, वाटावी. जुन्या यंत्रावर ती उत्तम चालते. असे असूनही घरगुती संगणकावर ती शेकडा दोन-चारांच्या पुढे का गेली नाही?

कोंडी

याचे कारण लोकांच्या अज्ञानात नाही. एखाद्या नव्या वसाहतीत घरे बांधून तयार आहेत, भाडे नाही, पाणी आहे. पण बाजारपेठ नाही. गिऱ्हाईक नाही म्हणून वाणी दुकान मांडत नाही आणि वाण्याचे दुकान नाही म्हणून गिऱ्हाईक राहायला येत नाही. लिनक्सची नेमकी हीच कोंडी होती. खेळ तयार करणारी कंपनी म्हणे, शंभरातल्या एक-दोघांसाठी वेगळी आवृत्ती काढण्याचा खर्च का करू? आणि मुलगा म्हणे, खेळ नाहीत तर मी तिकडे का जाऊ? दोघांचेही वर्तन आपापल्या जागी शहाणपणाचे. परंतु दोघांच्या शहाणपणाची बेरीज म्हणजे मक्तेदाराची सत्ता अबाधित. अशा कोंडीत बाजार आपोआप तोडगा काढत नाही. कोणीतरी तोटा सोसून पहिले पाऊल टाकावे लागते. हे पहिले पाऊल सार्वजनिक क्षेत्राने टाकायचे असते, असे आम्ही समाजवादी मानतो. येथे ते टाकले एका खाजगी दुकानदाराने.

त्या दुकानदाराची हकीकत थोडक्यात सांगतो. स्टीम हे अमेरिकेतील व्हॉल्व्ह कंपनीचे दुकान २००३ मध्ये सुरू झाले. खेळ डबीत विकण्याऐवजी तारेवरून थेट यंत्रात उतरवायचे, असा हा व्यवहार. कंपनीचे प्रमुख गेब न्यूएल हे पूर्वी मायक्रोसॉफ्टमध्येच नोकरीला होते. २०१२ मध्ये मायक्रोसॉफ्टने विंडोज ८ आणले आणि त्यात आपले स्वतःचे दुकान उघडले. त्याच वर्षी न्यूएल यांनी विंडोज ८ ही या व्यवसायावरील आपत्ती असल्याचे जाहीरपणे सांगितले आणि १४ फेब्रुवारी २०१३ रोजी स्टीमची लिनक्स आवृत्ती सर्वांसाठी खुली झाली. अनुक्रम लक्षात घ्यावा. जमीनदाराने आपल्या वाड्यात स्वतःचे दुकान मांडले, तेव्हा भाडेकरू दुकानदाराला पलीकडच्या मुक्त वस्तीची आठवण झाली. स्वातंत्र्याचा साक्षात्कार होऊन तो आला नव्हता. तो आला तो भयाने. एका मक्तेदाराला दुसऱ्याचे भय वाटते तेव्हा मधल्या फटीतून सामान्य माणसाला थोडी हवा मिळते, इतकाच त्याचा अर्थ.

कोंडी कशी फुटली?

मात्र पुढचा भाग आपल्या कार्यकर्त्यांनी बारकाईने वाचावा, कारण शिकण्याजोगे जे आहे ते तेथेच आहे.

पहिली पाच वर्षे कंपनीने खेळ बनविणाऱ्यांचे मन वळवण्याचा मार्ग धरला. आमच्यासाठी लिनक्सची वेगळी आवृत्ती काढा, असे आवाहन केले. काहींनी काढल्या, बहुतेकांनी नाही. २०१५ च्या नोव्हेंबरात लिनक्सवर चालणारी खास खेळयंत्रे बाजारात आली आणि पडली. आवाहनाने कोंडी फुटत नाही, हे कोट्यधीश कंपनीलाही अनुभवाने शिकावे लागले.

२०१८ च्या ऑगस्टमध्ये तिने मार्ग बदलला. विंडोजसाठी लिहिलेला खेळ यंत्राकडे चित्र, ध्वनी, फाइल अशा मागण्या विंडोजच्या परिभाषेत करीत असतो. या मागण्या ऐकून त्या लिनक्सच्या परिभाषेत सांगणारा एक दुभाषी मध्ये बसवला, तर खेळ बनविणाऱ्याला काही करावे लागत नाही आणि खेळणाऱ्यालाही काही सोडावे लागत नाही. या दुभाष्याचे नाव प्रोटॉन. तो आकाशातून पडला नाही. 'वाइन' या नावाने १९९३ पासून स्वयंसेवक त्याची घडण करीत होते. कंपनीने कोडवीव्हर्स या संस्थेबरोबर त्या कामाला पगारी माणसे दिली, चित्रांच्या भाषांतराचे अवघड काम करणाऱ्यांना पाठबळ दिले आणि ते सातत्याने वर्षानुवर्षे दिले. फेब्रुवारी २०२२ मध्ये कंपनीने लिनक्सवर चालणारे हातात धरायचे खेळयंत्र काढले, तेव्हा विंडोजसाठी लिहिलेले हजारो खेळ त्यावर चालू लागले होते. ऑक्टोबर २०२५ मध्ये स्टीमच्या स्वतःच्या पाहणीत लिनक्सचा वाटा पहिल्यांदा ३ टक्क्यांच्या वर गेला. आकडा लहान आहे. पण ज्या कोंडीला वीस वर्षे पाझर फुटला नव्हता तिला तो फुटला.

यातील सर्वांत महत्त्वाची गोष्ट अशी की प्रोटॉनचा मजकूर खुला आहे. वाइनच्या परवान्याची अटच अशी की त्यात केलेली सुधारणा वाटायची असेल तर खुलेपणानेच वाटावी लागते. म्हणजे आडत्याने आपल्या मालाच्या गाड्या जाव्यात म्हणून रस्ता बांधला, परंतु परवान्याच्या अटीमुळे तो रस्ता सार्वजनिक राहिला. उद्या दुकान बुडाले तरी रस्ता उरेल. ही किमया भांडवलदाराच्या औदार्याची नव्हे. ज्यांनी फार पूर्वी विचारपूर्वक तो परवाना लिहिला आणि त्याखाली आपले श्रम समाजाला दिले, त्यांच्या दूरदृष्टीची ती आहे.

आमचे सरकार आणि ओसाड पेठ

आता घरच्या कारभाराकडे वळू. भारत सरकारच्या सी-डॅक या संस्थेने २००७ मध्ये 'बॉस' नावाची आपली लिनक्स प्रणाली काढली. सरकारी कामात खुल्या सॉफ्टवेअरला प्राधान्य देण्याचे केंद्राचे धोरण २०१५ मध्ये जाहीर झाले. २०२३ मध्ये संरक्षण मंत्रालयाने आपल्या संगणकांसाठी 'माया' ही प्रणाली स्वीकारल्याच्या बातम्या आल्या. घोषणा झाल्या, प्रणाल्या झाल्या. वसाहत बांधून झाली. पेठ कोठे आहे?

आमच्या राज्यात २००१ पासून एमएस-सीआयटी हा अभ्यासक्रम चालू आहे. गावोगावच्या लक्षावधी तरुणांना संगणकाची पहिली ओळख त्याने करून दिली, याचे श्रेय नाकारण्याचा करंटेपणा मी करणार नाही. परंतु ती ओळख कोणत्या घराची? विंडोज आणि ऑफिस यांची. म्हणजे शासकीय नोकरीच्या पात्रतेत मान्य असलेल्या अभ्यासक्रमातून आपण एका खाजगी कंपनीसाठी वर्षानुवर्षे गिऱ्हाईक तयार करीत आलो, तेही विद्यार्थ्यांच्या शुल्कातून! याच काळात केरळने शाळांतून मुक्त प्रणाली नेली, आणि नेताना प्रणालीबरोबर पाठ्यपुस्तक, शिक्षकांचे प्रशिक्षण व परीक्षा या तिन्ही गोष्टी नेल्या. वसाहतीबरोबर पेठ वसवली म्हणून तेथे माणसे राहिली.

आणखी एक उदाहरण आमच्याच लोकलच्या मार्गावरचे आहे. विठ्ठलवाडीहून गाडी धरली की शेवटी कर्जत लागते. त्या कर्जत तालुक्यातील खैरात येथील एकशिक्षकी शाळेत २००७ मध्ये 'प्रत्येक मुलाला एक लॅपटॉप' या जागतिक योजनेतील हिरवे-पांढरे संगणक मुलांच्या हाती पडले. भारतातील तो पहिला प्रयोग. त्या यंत्रांवर लिनक्सच होते. त्याच सुमारास 'सिमसिटी' हा नगररचनेचा प्रसिद्ध खेळ त्याच्या मालक कंपनीने या लॅपटॉपांसाठी दिला आणि २००८ मध्ये त्याचा मूळ मजकूर 'मायक्रोपोलिस' या नावाने मुक्त परवान्याखाली प्रसिद्ध झाला. खेळ मुक्त होऊ शकतो आणि तो वाडीवरच्या मुलांच्या यंत्रापर्यंत जाऊ शकतो, याचा पुरावा अठरा वर्षांपूर्वीच आपल्या दाराशी आला होता. केंद्राच्या मनुष्यबळ विकास मंत्रालयाने मात्र ही योजना २००६ मध्येच नाकारली होती. त्या योजनेत दोषही होते. परंतु तिच्याऐवजी मराठी शाळांसाठी मुक्त प्रणालीवरची आपली पेठ आपण उभारली काय? नाही.

माझा स्वतःचा अनुभव सांगितल्याशिवाय राहवत नाही. दिवाळीनंतरच्या रविवारी त्या मुलाने आपल्या यंत्रावर लिनक्स बसवले. त्याचे बहुतेक खेळ चालले. उत्साहाच्या भरात मी त्याला म्हटले, "अरे, माझाही जुना संगणक आण या मार्गाला." त्याने आणला. माझी वीस वर्षांची व्याख्यानांची टिपणे एका खाजगी कंपनीच्या जुन्या मराठी फॉन्टमध्ये टंकलिखित आहेत. ती उघडली तेव्हा पडद्यावर नुसती चित्रविचित्र अक्षरे उमटली. मुलगा ओशाळून म्हणाला, "सर, याच्यासाठी कोणी काही बनवलेलं दिसत नाही." थोडाफार शोध घेतल्यावर फॉन्ट बदलून देणारी काही साधने मिळाली, परंतु ती अर्धवट. जोडाक्षरे मोडली, रफार भलत्याच अक्षरावर चढले.

अमेरिकेत बनलेल्या खेळांना लिनक्सवर दुभाषी मिळाला. महाराष्ट्रात लिहिलेल्या मराठीला मिळाला नाही. कारण पहिल्यामागे एका कंपनीचा स्वार्थ होता आणि दुसऱ्यामागे जो लोकहित असायला हवा होता त्याला धनीच नव्हता. किती ग्रामपंचायतींची इतिवृत्ते, किती पतपेढ्यांची पत्रे, किती संघटनांची निवेदने अशा मुक्या फायलींत अडकली असतील!

दुकान दुकानच असते

आता जयघोष करणाऱ्या तरुण मित्रांकडे वळतो. मित्रहो, रस्ता सार्वजनिक आहे, पण त्यावरचे दुकान खाजगीच आहे. त्या दुकानाचा स्वतःचा मजकूर बंदिस्त आहे. विक्रीतून दुकान जो वाटा कापून घेते त्याचा मूळ दर ३० टक्के आहे. एक कोटी डॉलरच्या वर विक्री गेली तर तो २५ आणि पाच कोटींच्या वर गेली तर २० टक्के होतो, अशी सुधारणा कंपनीने २०१८ मध्ये केली. म्हणजे ज्याचा माल थोडा त्याच्यावर दर जास्त, ज्याचा माल प्रचंड त्याला सूट! बाजार समितीत आडत्याने असा उलटा दर लावला असता तर शेतकऱ्यांनी समितीचे दार बंद केले असते. आपल्या पुण्यातील नॉडिंग हेड गेम्स या संस्थेने 'राजी' हा भारतीय वातावरणातील खेळ २०२० मध्ये जगापुढे आणला. असे लहान संच जेव्हा या बाजारात उतरतात, तेव्हा शंभरातील तीस रुपयांचा हा नियम त्यांच्यापुढे असतो. हा वाटा श्रमाचा नव्हे, जागेचा आहे. अर्थशास्त्रात याला खंड म्हणतात.

बरे, गिऱ्हाइकाला मिळते काय? ऑक्टोबर २०२४ पासून स्टीम स्वतःच पैसे भरताना सांगते की तुम्ही वस्तू नव्हे, वापराचा परवाना घेत आहात. कॅलिफोर्निया राज्याने असा खुलासा बंधनकारक करणारा कायदा केला आणि तो १ जानेवारी २०२५ पासून लागू झाला, म्हणून हे सत्य बाहेर आले. आपल्या राज्यात दुकानांच्या पाट्या मराठीत हव्यात असा कायदा २०२२ मध्ये झाला. तारेवरच्या या दुकानाची पाटी मराठीत नाही आणि तिचे कोणाला सोयरसुतकही नाही.

शिवाय सगळे खेळ येथे चालतात हेही खरे नाही. 'व्हॅलोरंट'सारखे, आमच्या वस्तीतील मुलांना प्रिय असलेले खेळ चालत नाहीत. फसवणूक रोखण्याच्या नावाखाली यंत्राच्या गाभ्यात बसणारा त्यांचा पहारेकरी फक्त विंडोजवरच उभा राहतो. तेथे दुभाष्याचे काही चालत नाही, कारण तो अडथळा तंत्राचा कमी आणि मालकाच्या मर्जीचा अधिक आहे.

स्टॉलमन यांनी २०१२ मध्येच या प्रश्नाची दोन्ही अंगे मांडली होती. बंदिस्त खेळ खेळायचेच असतील तर ते विंडोजपेक्षा मुक्त प्रणालीवर खेळणे बरे. परंतु मुक्त प्रणालीचे ध्येय स्वातंत्र्य आहे याचा विसर पडला तर नुकसान मोठे. मी त्यात एवढेच जोडीन की ज्याच्या पोटाला खंडणी बसली आहे त्याला केवळ ध्येय सांगून चालत नाही. ध्येयाकडे नेणारी गाडी त्याच्या दारात आणावी लागते.

मागणी काय?

समाजवादी चळवळीला हे नवीन नाही. १९४८ मध्ये नायगावच्या गिरणगावात कामगारांनी सहकारी भांडार काढले, त्यातून 'अपना बाजार' उभा राहिला. १९७५ मध्ये मुंबई ग्राहक पंचायत निघाली आणि तिने दुकानाशिवाय घरोघर माल पोचवून दाखवला. व्यापारी लुटतो एवढे ओरडून त्या पिढ्या थांबल्या नाहीत. त्यांनी पर्यायी पेठ मांडली. आज आपल्याला तेच करायचे आहे.

म्हणून माझ्या मागण्या स्पष्ट आहेत. पहिली, राज्य शासनाने मराठीचा दुभाषी स्वतःच्या खर्चाने तयार करवून घ्यावा. जुन्या फॉन्टांतील मजकूर युनिकोडमध्ये बिनचूक आणणारी आणि कचेऱ्यांत रूढ झालेली कामे मुक्त प्रणालीवर चालविणारी साधने हवीत. ती खुल्या परवान्याखालीच असावीत, म्हणजे ठेकेदार बदलला तरी रस्ता राहील. दुसरी, शासनमान्य संगणक अभ्यासक्रमात विंडोजच्या बरोबरीने मुक्त प्रणाली सक्तीने शिकवावी. पवईच्या आय.आय.टी.ने 'स्पोकन ट्युटोरियल' प्रकल्पात मराठीतूनही धडे तयार केलेले आहेत. साहित्य नाही ही सबब चालणार नाही. तिसरी, सार्वजनिक पैशातून बनणारा प्रत्येक शैक्षणिक खेळ मुक्त परवान्याखाली, मराठीत आणि सर्व प्रणालींवर चालेल असा असावा, आणि तो ठेवण्यासाठी कमिशन न घेणारे सार्वजनिक भांडार असावे.

शासनाकडे मागणी करून हात झटकणे मात्र पुरेसे नाही. आपल्या शाखांच्या कचेऱ्यांत कोणती प्रणाली आहे? मक्तेदारीविरोधी पत्रके आपण कोणाच्या परवान्यावर छापतो? दर रविवारी वाचनालयात दोन तास बसून वस्तीतील जुने संगणक पुन्हा चालते करून देण्याचे काम कोणतीही शाखा करू शकते. आम्ही विठ्ठलवाडीत ते सुरू केले आहे. शिकवणारा तो अकरावीतला मुलगा आहे आणि शिकणाऱ्यांत मी आहे. येणाऱ्या प्रत्येकाला आम्ही आधी त्याची कामे विचारतो, प्रणालीचे गुण नंतर सांगतो. आणि कोणाच्या मुलाने खेळांबद्दल विचारले, तर नाक मुरडत नाही.

दुकान आले म्हणजे स्वराज्य आले नाही. पण पेठेवाचून वसाहत वसत नाही, हे त्या दुकानदाराने आपल्याला दाखवून दिले. त्याने आपल्या गल्ल्यासाठी जे केले ते आपण लोकांसाठी करायचे आहे. एवढीही धमक आपल्यात नसेल, तर पुढच्या वेळी कंपनीची तारीख येईल तेव्हा रिक्षाचालकाच्या दारात आपण कोणत्या तोंडाने जाणार?